तळ्याकाठची लागवड आणि नागरिकांचा कज्जा

सार्वजनिक उद्यानातील तळ्याच्या काठावरची हिरवळ आणि दगडी पिचिंग काढून त्या जागी वाळा, लव्हाळ्याच्या जातीची गवते, निर्गुंडी, करंज, वाळुंज अशा या भूमीतल्याच वनस्पतींची लागवड करावी असा विचार एखाद्या नगरपालिकेच्या अथवा उत्साही मंडळाच्या मनात आला, म्हणजे त्याचे सर्वत्र स्वागतच होईल अशी जी समजूत निसर्गप्रेमी मंडळी करून घेतात, ती बहुधा पहिल्याच पावसाळ्यात फोल ठरते. रोपे कमरेच्या वर गेली, की सकाळी फिरावयास येणारे ज्येष्ठ नागरिक तळे दिसेनासे झाल्याची तक्रार करू लागतात; लहान मुलांच्या माता डासांचे आणि सापांचे नाव काढतात; सायंकाळी त्याच वाटेने घरी परतणाऱ्या स्त्रिया आडोशाची भीती बोलून दाखवितात; आणि ज्यांनी खपून रोपे लावली ते विरोध करणाऱ्या प्रत्येकाला निसर्गाचा वैरी ठरवून मोकळे होतात. मग अर्ज, प्रतिअर्ज आणि सह्यांच्या मोहिमा यांचे सत्र सुरू होते, आणि अखेरीस एके दिवशी ठेकेदाराची माणसे गवत कापण्याचे यंत्र घेऊन येतात व सगळा काठ एकसारखा साफ करून जातात. त्यात सार्वजनिक पैसा तर वाया जातोच, पण पुढील दहा वर्षे त्या प्रभागात देशी झाडाचे नाव काढण्याची कोणाची छाती होत नाही.

प्रस्तुत लेख या दोन्ही पक्षांतील वाचकांसाठी आहे. आणि विशेषेकरून, कोणत्याही पक्षात नसताना ज्यांच्यावर सभेचे अध्यक्षपद येऊन पडते अशा सद्गृहस्थांसाठी आणि भगिनींसाठी आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की अशा कज्ज्यांचे मूळ कामाच्या अनुक्रमात असते. रोपे आधी लावली जातात, लोकांना मागाहून विचारले जाते, आणि राखणी कोणी करावयाची हा प्रश्न तर शेवटपर्यंत कोणी काढीतच नाही. हा क्रम उलटा करावा: प्रथम राखणीची तजवीज, मग काठाची वाटणी, मग नमुन्याची लहानशी लागवड, आणि सर्वांच्या शेवटी मोठी लागवड. याच क्रमाचा तपशील पुढे दिला आहे.

काठाचे काम काय

वादात उतरण्यापूर्वी तळ्याचा काठ काय काम करतो हे दोन्ही पक्षांनी समजून घेणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रातील तळ्याचे पाणी जून ते सप्टेंबर चढते आणि मेअखेर खाली जाते; म्हणजे वर्षातील काही महिने पाण्याखाली आणि काही महिने उघडा राहणारा असा जमिनीचा एक पट्टा प्रत्येक तळ्याभोवती असतो, आणि या दोन्ही अवस्था सोसणाऱ्या वनस्पतींनाच तेथे टिकाव धरता येतो. उद्यानातील हिरवळीची मुळे जेमतेम वीतभर जातात, तर वाळ्याची मुळे दोनतीन मीटर खोल उतरून माती धरून ठेवतात. लाटांनी आणि पावसाच्या लोंढ्यांनी काठ खचू लागला म्हणजे पालिका दगड रचते. तो दगड काठ राखतो हे खरे, पण उद्यानातून आणि रस्त्यांवरून वाहत येणारे पाणी तो गाळून देत नाही. हिरवळीला घातलेल्या खतातील नत्र आणि स्फुरद त्या पाण्याबरोबर सरळ तळ्यात जातात, त्यांवर शेवाळ आणि जलपर्णी माजते, आणि मग तीच पालिका जलपर्णी काढण्याची निविदा काढते. काठावर दाट मुळांचा पट्टा असेल, तर या पोषक द्रव्यांचा आणि गाळाचा बराचसा अंश तेथेच अडतो.

याच पट्ट्यात टिबुकली आणि पाणकोंबडी घरटी करतात, वंचक दबा धरून बसतो, सुगरणीला खोप्यासाठी गवताची पाती मिळतात आणि मरळीसारखे मासे पाणवनस्पतींच्या आडोशाने वीण घालतात. तळ्यावर पक्षी यावेत अशी इच्छा तर सर्वच नागरिकांची असते. मात्र पक्षी हवेत आणि त्यांचा आडोसा नको, ही मागणी पुरी करणे कोणत्याही उद्यान अधीक्षकाच्या हाती नाही.

आता दुसऱ्या पक्षालाही दोन शब्द ऐकविले पाहिजेत. देशी म्हणजे निरुपद्रवी असे समीकरण मांडणे शास्त्राला धरून नाही. पाणकणीस येथलेच आहे, परंतु उथळ आणि सांडपाण्याने पोसलेल्या तळ्यात त्याला मोकळे सोडले, तर ते काही वर्षांत पाण्याचा मोठा भाग व्यापून टाकते. उलट पक्षी, परदेशी झाड दिसले की ते उपटावे हाही अतिरेकच होय. गुलमोहर मादागास्करातून आला असला तरी पन्नास वर्षे उभ्या असलेल्या गुलमोहराच्या सावलीत बसणाऱ्यांना त्याचा जन्मदाखला मागून काय साधणार? खरे वैर करावयाचे ते पसरणाऱ्या जातींशी: पाण्यावर जलपर्णीशी, काठावर बेशरमाशी, कोरड्या उतारावर घाणेरी, गाजरगवत आणि सुबाभूळ यांच्याशी. जलपर्णी आणि घाणेरी या दोन्ही वनस्पती आपल्या देशात शोभेसाठीच आणल्या गेल्या होत्या, हे उद्यान सुशोभनाच्या प्रत्येक नव्या योजनेवर सही करणाराने ध्यानात ठेवावे.

हरकतींची छाननी

नागरिकांच्या हरकती हसण्यावारी नेणे ही लागवड करणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक असते. प्रत्येक हरकत नोंदवून घ्यावी आणि तिच्यात तथ्य किती, उपाय कोणता, याचा स्वतंत्र निर्णय करावा. वारंवार येणाऱ्या हरकती चार आहेत.

पहिली डासांची. डेंग्यू पसरविणारा एडिस जातीचा डास प्रामुख्याने घरातील आणि घराभोवतीच्या साठवणीच्या पाण्यात वाढतो: टाक्या, कुंड्यांखालच्या बशा, टाकून दिलेले टायर, नारळाच्या करवंट्या ही त्याची स्थाने. मोकळ्या, वाऱ्याने हलणाऱ्या आणि मासे असलेल्या तळ्यात त्याची पैदास होत नाही. परंतु याच्या जोरावर हरकत सरसकट नामंजूर करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कारण क्यूलेक्स जातीचा डास घाण, साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि मॅन्सोनिया जातीच्या डासाच्या अळ्या तर जलपर्णीसारख्या तरंगत्या वनस्पतींच्या मुळांना चिकटून तेथूनच श्वसन करतात. तात्पर्य, काठावरच्या वाळ्याने डास वाढत नसले तरी काठाशी अडकलेली जलपर्णी, प्लॅस्टिक आणि पाण्याची तुटक डबकी यांनी निश्चित वाढतात. म्हणून लागवडीची आखणी करताना मुख्य पाण्यापासून तुटलेले खळगे राहू देऊ नयेत, आणि पालिकेच्या हिवताप विभागाकडून काठाच्या पाण्याची नियमित तपासणी करून घ्यावी. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस पुरतात, तेव्हा तपासणी आठवड्याची हवी, महिन्याची नको. तपासणीचे निष्कर्ष उद्यानाच्या दारावरील फलकावर लिहावेत. भाषणांनी जी शंका फिटत नाही ती आकड्यांनी पुष्कळदा फिटते.

दुसरी हरकत सापांची. तळ्याकाठी नेहमी दिसणारा विरोळा बिनविषारी असून बेडूक आणि मासे खाऊन राहतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या विषारी सापांपैकी कोणी उद्यानात आलाच, तर त्याला ओढून आणणारे कारण बहुधा उंदीर असते, आणि उंदरांना आणणारे कारण भेळेच्या गाड्यांमागे टाकलेले खरकटे. तेव्हा झुडपे तोडण्याआधी कचऱ्याची व्यवस्था पाहावी. तथापि दाट गवतातून चालण्याची पाळी कोणावर येता कामा नये. पाऊलवाट लागवडीपासून स्पष्ट वेगळी असावी, सायंकाळनंतर तिच्यावर उजेड असावा, आणि प्रशिक्षित सर्पमित्राचा दूरध्वनी क्रमांक पहारेकऱ्याच्या चौकीत ठळक लिहिलेला असावा.

तिसरी हरकत स्त्रियांच्या सुरक्षिततेची, आणि आमच्या मते चारही हरकतींत हीच सर्वांत गंभीर. तिचे उत्तर पक्ष्यांच्या यादीने देता येत नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंस किमान दोन मीटरांच्या पट्ट्यात गुडघ्याहून उंच काही वाढू देऊ नये. त्यापलीकडे झुडपे लावावयाची तर ती सलग न लावता पुंजक्यांनी लावावीत. आणि वृक्षांच्या खालच्या फांद्या माणसाच्या डोक्याच्या वर जाईपर्यंत वेळोवेळी छाटाव्यात, म्हणजे बुंध्यांच्या मधून आरपार दिसते. दिवे उंच खांबांवरून पाण्यावर झोत टाकणारे नसावेत. कमी उंचीचे आणि वाटेवरच उजेड पाडणारे असावेत. त्याने स्त्रियांची सोय होते आणि रात्रीच्या पक्ष्यांनाही त्रास होत नाही. या बाबतीतला अखेरचा शब्द, त्या वाटेने सायंकाळी प्रत्यक्ष जाणाऱ्या स्त्रियांचा असावा.

चौथी हरकत दृश्याची. तळे दिसावे ही इच्छा क्षुद्र नाही. सार्वजनिक उद्यान ज्यासाठी असते त्या हेतूंपैकीच तो एक आहे. बाके कोठे आहेत, ज्येष्ठ नागरिक कोठे बसतात, सूर्यास्त कोठून दिसतो, हे आधी पाहून त्या जागांसमोर पाण्यापर्यंतची दृष्टी मोकळी राखावी. यासाठी एक साधी युक्ती अवश्य करावी: लागवडीच्या जागी झुडपांच्या पूर्ण वाढीइतक्या उंचीचे बांबू रोवून त्यांना कापडाच्या पट्ट्या बांधाव्यात आणि आठवडाभर तसेच ठेवावेत. किती पाणी झाकले जाणार आहे हे प्रत्येकाला आपल्या नेहमीच्या बाकावरून दिसते, आणि वितंडवादाची निम्मी रसद तेथेच संपते.

वहिवाट आणि वाटणी

कागदावर तळे पालिकेचे असते, पण काठावर अनेकांची वहिवाट असते. कोठे गणपती आणि गौरींचे विसर्जन होते, कोठे छठपूजेला स्त्रिया पाण्यात उभ्या राहतात, कोठे मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद जाळी ओढतात, कोठे धोबी कपडे धुतात, कोठे गुरे पाण्यावर येतात. ही माणसे सभेला येत नाहीत, कारण सभेची सूचना ज्या ठिकाणी लागते ते ठिकाण त्यांच्या वाटेवर नसते. म्हणून पहिली पाहणी सभागृहात न करता काठावर करावी, आणि तीही एकदा पहाटे, एकदा दुपारी व एकदा दिवेलागणीला. प्रत्येक वेळी काठावर कोण आहे आणि काय करीत आहे याची नोंद घेऊन वहिवाटींचा एक साधा नकाशा तयार करावा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, आरमाराच्या लाकडासाठीसुद्धा रयतेच्या आंब्याफणसाला तिच्या राजीखुशीवाचून हात लावू नये, असा दंडक घातलेला आहे. तोडण्यास जी संमती लागत होती, ती आज लावण्यासही लागावी, यात वावगे काही नाही.

नकाशा तयार झाला म्हणजे काठाची वाटणी करणे सोपे जाते. सगळा काठ रान करावा किंवा सगळा काठ घाट करावा, या दोन्ही मागण्या सारख्याच अविचाराच्या आहेत. ठाण्याच्या मासुंदा तलावाचा, म्हणजे लोकांच्या भाषेत तलावपाळीचा, काठ गावाच्या मध्यवस्तीत आहे आणि संध्याकाळी तेथे माणसांची जत्रा लोटते. तेथे पुण्याच्या पाषाण तलावासारखी पक्ष्यांची एकांतस्थाने मागणे व्यर्थ होय, आणि पाषाणला तलावपाळी करू पाहणे त्याहून व्यर्थ. पण एकाच तळ्याच्या परिघावरही असा फरक करता येतो. प्रवेशद्वाराजवळचा, घाटांचा आणि बाकांचा भाग मोकळा राखावा. जेथून पावसाचे पाणी नाल्याने तळ्यात शिरते त्या मुखापाशी गाळणीसाठी दाट लागवड करावी. आणि वर्दळीपासून दूर असलेल्या कोपऱ्यात पक्ष्यांसाठी जागा राखून तेथे वाटच नेऊ नये. मोकळ्या भागात काठाशी दूर्वा आणि नीरब्राह्मीसारख्या जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पती लावल्या, तर पाणीही दिसते आणि मातीही धरली जाते.

या वाटणीत एक अपवाद कडक पाळावा. आपली पुष्कळ तळी मातीचा बांध घालून झालेली आहेत. त्या बांधावर देशी असो वा परदेशी, वृक्ष लावू नये. वृक्षांची मुळे बांधात शिरतात, झाड मेल्यावर ती कुजून पोकळ्या होतात, त्या पोकळ्यांतून पाणी झिरपू लागते आणि वादळात उन्मळलेले झाड बांधाचा लचका घेऊन पडते. बांधावर फक्त गवत असावे, आणि बांधाच्या पायथ्याशी काही लावावयाचे तर पालिकेच्या पाणीपुरवठा अभियंत्याचा अथवा जलसंपदा विभागाचा लेखी अभिप्राय आधी घ्यावा.

कायदा आणि दप्तर

हेतू शुद्ध असला म्हणजे परवानगी लागत नाही, हा भ्रम दोन्ही पक्षांनी सोडावा. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांचे संरक्षण व जतन करणारा अधिनियम 1975 पासून अमलात आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण दिले आहे. झाड तोडण्याचा प्रस्ताव आल्यास वृत्तपत्रांत आणि खुद्द त्या झाडावर जाहीर सूचना लावून हरकती मागविणे हे वृक्ष अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. तेव्हा देशी लागवडीला जागा करण्यासाठी जुने पीतमोहर वा पर्जन्यवृक्ष काढावयाचे असतील, तर तेही याच मार्गाने काढावे लागतात. आणि विरोध करणाऱ्यांनीही लावलेली रोपे रात्रीतून उपटण्याऐवजी याच मार्गाने हरकत घ्यावी. 2023 च्या एप्रिलमध्ये पुण्यात मुळा-मुठेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पातील वृक्षतोडीविरुद्ध नागरिकांनी चिपको पद्धतीचे आंदोलन केले. काठावर जे उभे आहे त्याची मोजदाद आणि त्यावरची चर्चा योजनेच्या आरंभी पुरी झाली नाही, म्हणजे ती पुढे रस्त्यावर होते.

पाणथळ जागांसंबंधीचे केंद्र सरकारचे 2017 चे नियम अधिसूचित पाणथळ जागांना लागू होतात. त्यांत भराव घालण्यास मनाई आहे, आणि मागील दहा वर्षांतील सरासरी महत्तम पूरपातळीपासून पन्नास मीटरांच्या आत, नावांचे धक्के वगळता, पक्के बांधकाम करता येत नाही. परंतु पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी अथवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय या व्याख्येतून वगळलेले असल्यामुळे, आपले तळे कोणत्या वर्गात बसते हे प्रथम विचारून घ्यावे. मुंबईच्या पवई तलावाभोवती महानगरपालिकेने जो सायकल मार्ग बांधावयास घेतला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने 2022 च्या मे महिन्यात बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करण्याचा हुकूम दिला. काठावर खर्च करण्याआधी कायदा पाहणे हे खर्च करून मग न्यायालयात जाण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

तळ्याचा दर्जा, पूर्वीच्या लागवडीचा खर्च, ठेकेदाराचा करारनामा आणि देखभालीची मुदत ही माहिती मागितली तर बहुधा तोंडी मिळत नाही. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या अधिनियमाखाली अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ती मागता येते, आणि तीस दिवसांत उत्तर देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. हा अर्ज सभेच्या आधी करावा. दप्तरातील कागद पुढे असले म्हणजे सभेतील निम्मे आरोप आपोआप गळून पडतात, आणि उरलेले निदान मुद्द्याला धरून होतात.

नमुन्याची लागवड

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रथम काठाचा एक लहान तुकडा, फार तर पन्नास-साठ मीटर लांबीचा, नमुन्यासाठी निवडावा. या सावधगिरीचे एक चांगले उदाहरण सिंगापूरने घालून दिले आहे. तेथील बिशान-आंग मो किओ उद्यानातून जाणारा कालांग नदीचा 2.7 किलोमीटरांचा काँक्रीटचा कालवा फोडून त्याची सुमारे 3.2 किलोमीटरांची वळणावळणाची, हिरव्या काठांची नदी 2012 मध्ये पुरी करण्यात आली. परंतु हे काम हाती घेण्यापूर्वी एका बाजूच्या ओहोळाच्या साठ मीटर लांबीत, माती धरून ठेवण्याच्या दहा वेगवेगळ्या रीती आणि निरनिराळ्या वनस्पती लावून त्यांची परीक्षा घेण्यात आली. शिवाय पाणी चढू लागले की काठावरच्या लोकांना भोंगे आणि दिवे यांनी सावध करण्याची व्यवस्थाही केली गेली. नदी आणि तळे यांत भेद आहे, आणि सिंगापूर व आपली नगरे यांच्या तिजोऱ्यांतही आहे. पण नमुना आधी आणि विस्तार मागाहून, या शिस्तीला पैसा लागत नाही.

नमुन्याची लागवड एक पूर्ण वर्ष, म्हणजे एक पावसाळा आणि एक उन्हाळा, पाहावी. या काळात तीन नोंदी ठेवाव्यात आणि त्या दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींनी मिळून ठेवाव्यात. एक, पाण्याचा निर्मळपणा: दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते दरमहा मोजावे. दोन, डासांच्या अळ्या: नमुन्याच्या काठाशी आणि दगडी काठाशी सारख्याच संख्येने पळीभर पाणी काढून त्यातील अळ्या मोजाव्यात. तीन, पक्षी: महिन्यातून एका ठरलेल्या सकाळी, ठरलेल्या वेळेपुरते. ज्याला लागवडीविषयी शंका आहे त्याच्याच हाती वही द्यावी. स्वतः लिहिलेल्या आकड्यावर मनुष्य सहसा अविश्वास दाखवीत नाही.

वर्षाचे कामही ऋतूला धरून असावे. रोपांची मागणी सामाजिक वनीकरणाच्या किंवा अन्य विश्वसनीय रोपवाटिकेकडे एक वर्ष आधी नोंदवावी, कारण वाळुंज आणि करंज ही बाजारातील शोभेच्या रोपांप्रमाणे मागताक्षणी मिळत नाहीत. आणि दुसऱ्या तळ्याचा अथवा ओढ्याचा काठ ओरबाडून आपला काठ सजविण्याचे पाप तर करूच नये. एप्रिल-मे महिन्यांत पाणी उतरलेले असताना गाळ काढावा आणि उताराला सौम्य ढाळ द्यावा. पहिला पाऊस पडून माती भिजली, की पाणी चढण्यापूर्वी खालच्या पट्ट्यात वाळा आणि लव्हाळ्याच्या जातीची गवते लावावीत, म्हणजे बुडण्याच्या आत ती मूळ धरतात. जांभूळ, अर्जुन, उंबर, करंज यांची जागा वरच्या पट्ट्यात, आणि मुहूर्त जूनअखेर ते जुलै. भाद्रपदापर्यंत घाणेरी आणि गाजरगवत यांची खुरपणी दोनदा तरी करावी. पहिले दोन उन्हाळे रोपांना पाणी द्यावे लागते, आणि बहुतेक लागवडी याच दोन उन्हाळ्यांत मरतात.

राखणीचा करारनामा

आम्ही आरंभी जिचा उल्लेख केला ती राखणी येथे येते. लागवडीच्या निविदेत खड्डे, रोपे, माती आणि फलक यांचा तपशील असतो. तीन वर्षांनंतर कोण खुरपणार, कोण छाटणार, याविषयी मात्र तिच्यात शब्द नसतो. अंदाजपत्रकात देखभालीची किमान तीन वर्षांची तरतूद झाल्यावाचून लागवडीला मंजुरी मागू नये, आणि नागरिकांनी ती देण्यास राजी होऊ नये. करारनाम्यात पुढील गोष्टी नावानिशी असाव्यात: कोणत्या जाती राखावयाच्या, कोणत्या उपटावयाच्या, वाटेलगतची उंची किती ठेवावयाची, आणि पाण्याजवळ तणनाशक मुळीच वापरावयाचे नाही. पाणकणीस आणि उंच गवते यांची कापणी पावसाळ्यात करू नये, कारण तो पाणपक्ष्यांच्या विणीचा काळ. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी, आणि एका वर्षी निम्म्याच काठाची करावी, म्हणजे उरलेल्या निम्म्यात पक्ष्यांना आसरा राहतो.

खुरपणाऱ्या माणसांना शिकविणे हेही याच कलमात यावे. ज्याने आयुष्यभर हिरवळ कापली आहे त्या माळ्याला वाळा आणि तण यांतील भेद कोणी दाखवून दिला नसेल, तर तो दोन्ही सारखेच कापणार. दोष त्याचा नाही. तसेच वाट आणि लागवड यांच्या मध्ये हातभर रुंदीची, नीट कापलेली गवताची पट्टी कायम राखावी आणि तेथे वनस्पतींची मराठी नावे लिहिलेला लहान फलक असावा. त्या कापलेल्या पट्टीमुळे पलीकडची वाढ बुद्ध्या केलेली आहे हे येणाऱ्याला कळते, आणि ‘रान माजले’ अशी तक्रार करण्यास जागा राहत नाही.

सभेची पथ्ये

सभा बोलवावयाची ती नकाशा, कागद आणि बांबूंची पाहणी झाल्यानंतर बोलवावी. विषयपत्रिकेत ‘देशी लागवड हवी की नको’ असा प्रश्न ठेवू नये, कारण अशा प्रश्नाला हात वर करण्यापलीकडे उत्तर नसते. काठाच्या प्रत्येक तुकड्याचा विचार स्वतंत्रपणे घ्यावा. अध्यक्षाने प्रत्येक पक्षाकडून प्रतिपक्षाचे सर्वांत सबळ म्हणणे वदवून घ्यावे आणि ते कार्यवृत्तात लिहावे. ठरावात तीन गोष्टी अवश्य असाव्यात: फेरविचाराची तारीख, फेरविचार कोणत्या नोंदींच्या आधारे होईल याचे कलम, आणि प्रयोग फसल्यास काठ पूर्ववत करण्याची पालिकेची लेखी कबुली. ही शेवटची कबुली निसर्गप्रेमी मंडळींना जड जाते, परंतु तिच्यावाचून साशंक नागरिक पहिल्या तुकड्यालाही संमती देत नाही, आणि ती मिळाली म्हणजे पुष्कळदा सर्वांत आधी सही तोच करतो.

सार्वजनिक काठ हा लागवड करणाऱ्यांच्या मालकीचा नाही आणि फिरावयास येणाऱ्यांच्याही नाही. तो दोघांकडे, आणि जाळे टाकणाऱ्याकडेही, ठेव म्हणून सोपविलेला आहे. म्हणून वाचकांस विनंती अशी, की येत्या पावसाळ्याची रोपे कोणी आणण्यापूर्वी आपल्या प्रभागातील तळ्याच्या काठावरून एकदा पहाटे आणि एकदा दिवेलागणीला फिरून यावे, तेथील वहिवाटींची यादी करावी, देखभालीची तरतूद किती आहे हे लेखी विचारावे, आणि ते दोन्ही कागद उद्यान विभागात देऊन त्यांची पोच घ्यावी.